नावे कोणाच्या?

मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत जड मजकूर जेमतेम दोन ओळींचा आहे. 24 जानेवारी 1761. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि नर्मदेच्या मुलखात होते. पानिपताच्या छावणीची कित्येक दिवस खात्रीची खबर नव्हती, कारण भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मधोमध अब्दाली बसला होता. अशात सावकारांचा एक कासीद लष्कराला भेटला. पानिपताहून औरंगाबादेला नऊ दिवसांत पोचायचं, अशा बोलीवर तो धावत होता. त्याच्याजवळचं पत्र फोडलं गेलं. मोती होते दोन, ते विरघळले. सोन्याच्या मोहरा सत्तावीस, त्या हरवल्या. आणि रुप्या-तांब्याची तर बेरीजच लागत नाही, एवढाच काय तो आशय. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात तो इंग्रजीत दिला आणि तिथून तो आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत आला.

शाळेत आपण हा मजकूर कोड्यासारखा सोडवतो. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, रुपं-तांबं म्हणजे उरलेली फौज. उत्तर मिळालं की पान उलटायचं. माझं मात्र उलटं झालं. उत्तर कळल्यावरच मला हे पत्र वाचावंसं वाटू लागलं, आणि गेली अनेक वर्षं मी ते एखाद्या कवितेसारखं वाचत आले आहे.

पहिली गोष्ट ही की हे पत्र पेशव्यांना लिहिलेलंच नव्हतं. एका पेढीने दुसऱ्या पेढीला कळवलेली ती खबर होती. पेशव्यांच्या सरकारात कोणाचे पैसे गुंतले आहेत, कोणती हुंडी पटेल, कोणती फिरेल, हे औरंगाबादच्या सावकाराला बाजाराच्या आधी कळायला हवं होतं. त्यात सांत्वन नाही, आर्जव नाही, मायन्यातली दरबारी नम्रता नाही. धन्याला वाईट बातमी सांगताना चाकराच्या हाताला जो कंप सुटतो, तो या हाताला सुटण्याचं कारणच नव्हतं. अठरा वर्षांचा मुलगा आणि पाठचा भाऊ म्हणावा असा चुलतभाऊ एकाच दिवशी गेल्याचं नानासाहेबांना दुसऱ्याच्या टपालातून कळलं. मला या पत्राचा सगळा करुण रस या एका परिस्थितीत साठलेला वाटतो. लिहिणाऱ्याच्या मनात कारुण्य नव्हतं. ते वाचणाऱ्याच्या जागेवरून निर्माण झालं.

आता क्रियापदं पाहा. मोती फुटतो, झिजतो, काळवंडतो, चोरीला जातो. मोती विरघळतो, असं सराफकट्ट्यावर कोणी म्हणत नाही. आपण मोत्याच्या तेजाला पाणी म्हणतो. विरघळलेल्या मोत्याचं ते पाणी पाण्यातच गेलं. मागे तुकडासुद्धा उरत नाही. मोहरांचं तसं नाही. त्या हरवल्या आहेत, आणि हरवलेली वस्तू सापडू शकते. इथे लिहिणाऱ्याने जाणून हा फरक केला असेल किंवा सरावाने झाला असेल. पण फरक खरा ठरला. हरपले म्हणून ज्यांची आशा सोडली होती, त्यांतले काही पुढच्या महिन्यांत परतले. पायाला कायमची जखम घेऊन महादजी शिंदे आले. एकोणिसाव्या वर्षात असलेले नाना फडणवीस जिवानिशी आले, त्यांची आई मात्र त्या धामधुमीत गेली. नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांचं मराठी राजकारण पुष्कळसं या सापडलेल्या दोघांनी चालवलं. मोती कोणाला सापडले नाहीत.

आणि मग शेवटचं वाक्य. तिथे जन्मभर हिशेब लिहिलेल्या माणसाचा हात थांबतो. दोन लिहिता आले, सत्तावीस लिहिता आले. पुढे बेरीजच लागत नाही, असं त्याला कबूल करावं लागलं. जो माणूस दमडीचा मेळ बसल्याशिवाय रात्री दिवा मालवत नाही, त्याच्या लेखणीतून आलेली ही कबुली आहे. सगळ्या पत्रात मला हीच जागा सर्वांत खोल वाटते. कारण यात केवळ फौज नव्हती. भाऊसाहेबांबरोबर बुणगे होते, बाजारकरी होते, नालबंद, पाणके, हमाल होते, कुरुक्षेत्र-काशीच्या ओढीने निघालेले यात्रेकरू होते, बायका होत्या, मुलं होती. माणसं धातूंच्या उतरत्या भावाने लिहिली गेली, आणि जिथे भाव सर्वांत कमी, तिथे संख्या सर्वांत मोठी म्हणून ती लिहिताच आली नाही. हा क्रम मला दर वेळी टोचतो. तरीही त्या सावकाराला एक मान द्यावासा वाटतो: त्याने तांबं वगळलं नाही. मोजता येत नाही एवढं तरी त्याने नोंदवलं.

पण ज्या कारणासाठी हे पत्र मी आज पुन्हा काढलं आहे, ते वेगळं आहे. या मजकुरात कर्ता नाही. विरघळले, हरवल्या, लागत नाही. कोणी बुडवलं, कोणामुळे बुडालं, याचा एक शब्द नाही. अब्दालीचंसुद्धा नाव नाही. आपल्या जुन्या वहीखात्यात एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे. पैसा गेला की तो कोणाच्या तरी नावे टाकावा लागतो, त्याशिवाय कीर्द मिळत नाही. या पत्रात रक्कम आहे, वस्तूंचा तपशील आहे, आणि नावेची बाजू कोरी आहे. ती भरण्याचं काम आमच्या पुण्याने पत्करलं, आणि अडीचशे वर्षं उलटली तरी ते सुरू आहे.

मी सदाशिव पेठेत वाढले. ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ, त्यांचा मुकदमा तिथल्या घराघरात चालायचा. आमच्याकडे संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटून झाला की आजोबा आणि त्यांचे स्नेही ओसरीवर बसायचे आणि पानिपत सुरू व्हायचं. गनिमी कावा सोडून गोलाची लढाई पत्करली म्हणून दोष भाऊंचा. सूरजमल जाटाचा सल्ला मोडला, पुन्हा भाऊ. मैदान सोडून गेले म्हणून मल्हारराव होळकर. पैसा आणि धान्य पोचवलं नाही म्हणून गोविंदपंत बुंदेले. मुलाला धाडलंच पाहिजे असा आग्रह धरला म्हणून गोपिकाबाई. उत्तरेच्या मोहिमेवरून कर्ज घेऊन आले म्हणून राघोबादादा. आणि भाऊ तिकडे उपाशी फौज घेऊन अडकले असताना 27 डिसेंबर 1760 ला पैठणला लग्न लावलं म्हणून खुद्द नानासाहेब. एकेका नावापुढे रक्कम चढवली जायची, खोडली जायची, दुसऱ्याच्या नावे वळती व्हायची. मी दाराशी बसून ऐकायचे. आवाज चढायचे, पण मला आठवतं ते दुःख. शेजारच्या घरात काल झालेल्या मृत्यूबद्दल बोलावं तशी ती माणसं बोलायची.

दोषाच्या या जमाखर्चाचा सर्वांत देखणा नमुना मला ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त भेटला. काशिनाथ नारायण साने यांनी ती संपादून छापली आणि मराठी वाचकाच्या हाती दिली. त्या बखरीत एक प्रसंग आहे. नजीबखान रोहिला हाती लागण्याजोगा आहे आणि शिंदे त्याचा निकाल लावायला निघाले आहेत. तेव्हा मल्हारराव त्यांना समजावतात की याला राखा. हा संपला आणि हिंदुस्थानात शत्रू उरला नाही, तर पेशवे आपल्याकडून धोतरं धुऊन घेतील. हाच नजीब पुढे अब्दालीला घेऊन आला, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून हे बोल कानी पडताच ते पुरावा होऊन बसतात. बखरकाराने होळकरांवरचं आरोपपत्र होळकरांच्याच तोंडून वदवलं आहे.

मल्हारराव खरोखर असं बोलले असतील का, हा प्रश्न मी इतिहासकारांकडे सोपवते. बखर घटनेनंतर लिहिली जाते, तिला शेवट आधीच माहीत असतो. पण वाङ्मय म्हणून त्या बोलण्यातली प्रतिमा पाहा. फाशीची भीती नाही, जहागीर जप्त होण्याची नाही, लढाईत मरण्याची तर नाहीच नाही. भीती आहे ती नदीकाठच्या दगडावर दुसऱ्याचं धोतर आपटत बसण्याची. मेंढपाळाच्या घरातून आलेला, मनगटाच्या जोरावर माळव्याचा सुभेदार झालेला, पासष्टी ओलांडलेला हा माणूस. आपली गरज संपली की आपल्याला पुन्हा कुठे बसवतील, हे त्याला नेमकं दिसतं आहे. एका मोठ्या राज्याची सगळी आतली उतरंड, सोवळं-ओवळं, चाकरी आणि मान, बखरकाराने ओल्या कापडाच्या एका पिळात धरली आहे. राजकारणावरचे मोठमोठे ग्रंथ हे इतक्या थोडक्यात सांगू शकलेले नाहीत.

शिवाय हे बोल दोन बाजूंना कापतात. वरवर रक्कम होळकरांच्या नावे पडते: स्वतःच्या मानासाठी राज्याचा शत्रू राखला. पण वाचून खाली ठेवलं की दुसरी नोंद हळूहळू उमटते. जिथे सर्वांत जुन्या सरदाराला शत्रूचं अस्तित्व हाच आपल्या मानाचा आधार वाटतो, त्या घरात धन्याचं काय चुकलं असेल? बखरकाराने हा प्रश्न विचारलेला नाही. त्याने आरोपीला इतकं खरं बोलू दिलं की प्रश्न आपोआप उभा राहिला. म्हणून मी ही बखर मोठी मानते. ज्याच्यावर खापर फोडायचं, त्याच्या छातीत शिरून बघायची ताकद तिच्यात आहे. आजोबांच्या ओसरीवर होळकरांवर तावातावाने बोलणारे सगळे या धोतराच्या वाक्यापाशी आले की क्षणभर गप्प होत, हे मी पाहिलं आहे.

नंतर कागद बाहेर आले. 1898 साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला. भाऊसाहेबांनी गोविंदपंतांना लिहिलेली पत्रं त्यात आहेत: पैसा पाठवा, अंतर्वेदीत गडबड करा, शत्रूची रसद तोडा. एकामागून एक वाचताना असं जाणवतं की लढाई व्हायच्या कितीतरी आधी दोषाची वाटणी सुरू झाली होती. मागणी वाढत जाते आणि तिच्या पोटात ठपका वाढत जातो. राजवाड्यांनी प्रस्तावनेत गोविंदपंतांवर आणि होळकरांवर मोठी जबाबदारी टाकली. पण याच गोविंदपंतांना 1760 च्या डिसेंबरात, रसद तोडण्याच्या कामावर असतानाच, अब्दालीच्या स्वारांनी गाठून मारलं. त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला आणि भाऊंच्या नावे पडलेल्या कितीतरी रकमा पुन्हा तपासायला लावल्या.

विद्वानांचं असं चाललेलं असताना लोकांच्या जिभेने आपला निवाडा कधीच देऊन टाकला होता. ‘पानिपत झालं’ असं आपण म्हणतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलालासुद्धा. त्या बिचाऱ्या गावाचं क्रियापद झालं आणि माणूस सुटला. ‘भाऊगर्दी’ या शब्दात मात्र माणूस सुटला नाही. फौज उधळल्यावरच्या गोंधळाला भाऊंचं नाव चिकटलं ते चिकटलंच. जो शेवटपर्यंत गर्दीत उभा राहिला, त्याचंच नाव गर्दीला मिळालं, हे मला फार अन्यायाचं वाटतं. ‘संक्रांत कोसळली’ म्हणताना लोकांच्या मनात 14 जानेवारी असते. खरं तर अठराव्या शतकात संक्रांत आतापेक्षा तीन-चार दिवस अलीकडे पडत असे. लढाई झाली त्या पौष शुद्ध अष्टमीला संक्रांत होऊन गेलेली होती. संक्रांतीला जो गेला तो आदल्या वर्षीचा दत्ताजी शिंदे, 10 जानेवारी 1760 ला, बुराडी घाटावर. पण लोकांनी दोन्ही दुःखं एकाच सणाच्या नावे टाकली. आणि उधार मागणाऱ्याला दुकानदार सांगायचा, विश्वास पानिपतात गेला. या म्हणीवर मी जीव ओवाळून टाकते. मुलाचं नाव आणि बाजारातली पत एकाच शब्दात बुडाली. सावकाराच्या पत्रातला विरघळलेला मोती थेट वाण्याच्या गल्ल्यापर्यंत आला.

2016 च्या उन्हाळ्यात माझी भाची लंडनहून फोनवर बोलत होती. ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की संघात राहावं, यावर 23 जूनला तिथे मतदान झालं होतं. 51.9 टक्के सोडा म्हणाले, 48.1 टक्के राहा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान कॅमेरन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. भाची म्हणाली, “मावशी, पुढे काय होणार हे इथे कोणालाच सांगता येत नाहीये. पण कोणाचं चुकलं हे मात्र प्रत्येकाला आत्ताच ठाऊक आहे.” कोणी सार्वमत घेणाऱ्याचं नाव घेत होतं, कोणी प्रचार करणाऱ्यांचं, कोणी विरोधी पक्षाच्या थंडपणाचं, कोणी वर्तमानपत्रांचं, कोणी ब्रसेल्सचं. देश प्रत्यक्ष बाहेर पडला तो 31 जानेवारी 2020 ला. साडेतीन वर्षं रक्कम ठरलेली नव्हती, आणि नावेची पानं भरून वाहत होती. मी तिला म्हटलं, “अगं, 23 जून ही आपल्याकडे नानासाहेबांची तारीख.” 1761 साली त्याच दिवशी पर्वतीवर नानासाहेब गेले, पत्र वाचल्यानंतर पाच महिन्यांनी, चाळिशीत. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “त्यांनी कोणाला दोष दिला, गं?” तिला मी काय सांगणार? बापाने स्वतःच्या नावे किती टाकून घेतलं असेल, ते त्या टेकडीला माहीत.

तर्काचं एक वेगळं रूपही पुण्याने पाहिलं, आणि ते दोष देण्याहून जास्त हळवं होतं. विश्वासरावांचा देह मिळाला होता. भाऊसाहेबांच्या देहाबद्दल शंका राहिली. तेवढ्या फटीतून आशा आत शिरली. भाऊ जिवंत आहेत, भाऊ संन्यासी झालेत, भाऊ येणार आहेत. मग एक माणूस आला आणि मीच भाऊ म्हणाला. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. 1776 साली तो रत्नागिरीहून सुटला तेव्हा कोकणातला केवढा तरी मुलूख त्याच्यामागे गेला, आणि त्याच डिसेंबरात त्याला पुण्यात आणून देहदंड दिला गेला. पंधरा वर्षं उलटली होती. एवढी माणसं त्याच्यामागे का गेली असतील? फितूर होते, स्वार्थी होते, हे खरं. पण मला त्या पत्रातलं क्रियापद आठवतं. विरघळलेला मोती परत येत नाही, हे सावकाराने लगेच लिहून टाकलं. तो हरवलेला आहे, सापडेल, असं लोक पंधरा वर्षं मनाशी वाचत राहिले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही. दोन क्रियापदांमधल्या अंतरात एका बाईचं सगळं आयुष्य गेलं. भाऊ परत आले असते तर त्यांना विचारता आलं असतं, काय झालं, कोणी केलं. नावेची कोरी बाजू त्यांच्या हस्ताक्षरात भरली गेली असती.

गेल्या पौषात मी लकडी पुलावरून चालत आले. जवळच नदीकाठी नानासाहेबांची समाधी आहे. इस्पितळाच्या गर्दीत ती पटकन दिसत नाही. मुळातला लाकडी पूल 1761 सालचा. लाकूड गेलं, दगड आला, आता अधिकृत नावही वेगळं आहे, तरी आम्ही त्याला लकडी पूलच म्हणतो. असं सांगतात की पानिपताहून परतणाऱ्यांना मुख्य वाटेने, गावाच्या डोळ्यांसमोरून येण्याची लाज वाटू नये म्हणून तो घाईघाईने बांधला. सांगोवांगीची गोष्ट आहे, पण मला ती खरी असावीशी वाटते. कारण त्या पुलावरून जे आले असतील ते मोती नव्हते, मोहरा नव्हत्या. कोणी नालबंद असेल, कोणी पाणक्या, एखादी यात्रेला गेलेली आणि घरच्यांना मुकलेली म्हातारी. ज्यांची बेरीज लागली नव्हती, ती माणसं. एकेकटी, दोघंदोघं, खाली मान घालून लाकडी फळ्यांवरून गावात शिरली असतील, आणि पलीकडे कोणीतरी उभं राहून मोजत असेल, आपला आहे का त्यात.